अकरा खुणांचा लॅपटॉप

सोमवारी सकाळी पावणेसातला फोन वाजला तेव्हा आत्याच्या तोंडात ब्रश होता. तो तिने काढला नाही. सातच्या आत फोन करणाऱ्याला स्वच्छ उच्चार ऐकायचा हक्क नाही, असं तिचं मत होतं.

"आत्या, दादा माझ्या नवऱ्याला पोलिसांत देतोय," भाची म्हणाली.

आत्याने ब्रश काढला.

"कशासाठी?"

"स्केटिंग हॉलचा लॅपटॉप बंद पाडला म्हणून. काल दुपारी, भर गर्दीत. गाणं गेलं, दिवे गेले, सात माणसं पडली. एका डेंटिस्टचा पुढचा दात पडला."

"तो घरच्या घरी बसवेल. पुढे?"

"उद्या पाचपर्यंत दुसरं कोणी सापडलं नाही तर मालकीण ह्यांना कामावरून काढणार आणि दादाने लिहिलेली तक्रार पोलिसांत देणार. तक्रार तयार आहे. त्याच्या त्या सुंदर अक्षरात."

"आणि तुझा नवरा काय म्हणतो?"

"काही नाही. पहाटेपासून घरातले सगळे स्विचबोर्ड उघडून परत बसवतोय."

"त्यानेच केलं असेल तर?"

पलीकडे एक स्विचबोर्ड खटकन बसला.

"तर तू सांग. पण दादाने सांगायचं नाही."

आत्याने फोन ठेवला, चूळ भरली आणि कपाटातून जुनी वही काढली. एकतीस वर्षं ती लिफ्ट तपासनीस होती. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टचं कारण शोधायचं आणि ते लिहून द्यायचं, एवढंच काम. त्या काळात तिने एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती : लिफ्ट अडकली की आतली माणसं पहिल्या पाच मिनिटांत गुन्हेगार ठरवतात, आणि तो सहसा जिन्याने गेलेला असतो. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी तिच्या स्पष्टवक्तेपणाबद्दल दोन शब्द बोलायचं कबूल केलं होतं. ऐन वेळी ते रजेवर गेले.

*

स्केटिंगचा हॉल म्हणजे एक लांबरुंद, बिनखिडक्यांची खोली. गुळगुळीत फरशी, भोवती कठडा, दारापाशी चाकांच्या बुटांचं काउंटर. दुसऱ्या टोकाला पाच पायऱ्यांवर लाकडी मचाण, आणि मचाणामागच्या भिंतीवर वीस फुटी पडदा. दर रविवारी दोन ते पाच लोक इथे गाण्यांवर गोल गोल फिरत आणि त्याला व्यायाम म्हणत.

मालकीण काउंटरमागे बूट मोजत होती. तिने आत्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही खिळ्याच्या आत्या ना? आणि त्या मेहुण्याच्याही कोणीतरी?"

"दोघांचीही नातेवाईक. त्यामुळे दोघांवरही सारखाच राग आहे. तुमची सोय झाली समजा."

भाच्याला सगळे खिळा म्हणत. मचाणावर तो ठोकल्यासारखा ताठ उभा राही, म्हणून. त्याच्या बहिणीचा नवरा हॉलचा वीजतंत्री होता. खिळ्याने त्याला 'माझा मेहुणा' म्हणून नोकरीला आणलं, तेव्हापासून सगळा हॉल त्याला मेहुणाच म्हणे. गेले चार महिने खिळा त्याच्याशी बोलत नव्हता. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

"काय झालं ते क्रमाने सांगा," आत्या म्हणाली. "मत नको. क्रम."

मालकिणीला क्रमापेक्षा मत सोपं जात होतं, पण तिने प्रयत्न केला.

लॅपटॉप हॉलचा. गाणी त्यात. त्याला गोल तबकड्यांचा आणि बटणांचा कंट्रोलर जोडतात आणि डीजे तबकड्या फिरवून गाण्यात गाणं मिसळतात. दिवेसुद्धा गाण्याच्या ठेक्यावर चालतात. डीजे दोन, लॅपटॉप एक. तो कार्यक्रमासाठी तयार करण्याचं काम खिळ्याचं. शनिवारी सकाळी तो घरी नेतो, तपासतो आणि रविवारी बाराला आणून मालकिणीच्या टेबलावर ठेवतो.

"बारा ते दोन तिथे कोणी हात लावला?"

"मी समोर बसून जेवत होते. माझ्या टेबलावरच्या वस्तूला कोणी हात लावत नाही."

हे आत्याला लगेच पटलं.

दोन ते साडेतीन डीजे वादळ. त्याने दीड तास वाजवलं, कुठेही खोट नाही. साडेतीन ते तीन चाळीस फरशी पुसायची सुट्टी. वादळ बाहेर गेला. खिळा काउंटरपाशी पाणी पीत उभा होता. मचाणावर एकटा मेहुणा. तीन चाळीसला खिळ्याने सुरुवात केली. चार वाजून दहा मिनिटांनी गाणं मध्येच तुटलं, अंधार झाला. मेहुण्याने धावत जाऊन लॅपटॉपची बटणं दाबली तेव्हा भिंतीवर वीस फुटी तळं, मागे डोंगर आणि पासवर्डची रिकामी चौकट उजळली.

"त्या उजेडात कोण कुठे पडलंय ते तरी दिसलं," मालकीण म्हणाली. "खिळ्याने पासवर्ड तीनदा चुकवला. मग कंट्रोलर काढून परत जोडला. नऊ मिनिटं. तोपर्यंत अर्धी गिऱ्हाइकं बूट परत करत होती."

"लॅपटॉपमध्ये दिसतं ते सगळं भिंतीवर दिसतं?"

"सगळं. दोन ते पाच पडदा चालूच असतो. गाण्यांची यादी लोकांना आवडते. सुट्टीतसुद्धा मी फरशी पुसून घेताना तेच बघत होते, पुढचं गाणं कुठलं ते."

"यादीच होती?"

"दुसरं काय असणार? हे बघा बाई, वादळचा दीड तास नीट गेला. खिळ्याच्या हातात आल्यावर बंद पडला. मधली दहा मिनिटं मचाणावर एकच माणूस होता. यात शोधायचं काय?"

"म्हणूनच मी आले," आत्या म्हणाली. "इतकं सोपं कारण मला एकतीस वर्षांत एकदाही मिळालं नाही."

*

लॅपटॉप रविवारपासून मालकिणीच्या लोखंडी कपाटात होता. चार एकोणीसनंतर कोणी बघितलाही नव्हता. चिडलेल्या मालकिणीने कार्यक्रम पेन ड्राइव्हवरच्या गाण्यांवर संपवला होता आणि किल्ली गळ्यात अडकवली होती.

आत्याने झाकण उघडलं. आतल्या कडेला खिळ्याच्या सुंदर अक्षरातला कागद चिकटवलेला. अकरा कलमं. वायफाय बंद. ब्लूटूथ बंद. अपडेट सोमवारवर ढकललेले. झोप : कधीच नाही. यूएसबीची वीजबचत बंद. सूचनांचे आवाज बंद. असं करत करत अकरावं : दोन तास सलग वाजवून पाहिला. प्रत्येकासमोर दर शनिवारची खूण. परवाच्या रकान्यात अकराच्या अकरा खुणा, एका उंचीच्या.

आत्याने बोटाने टचपॅड तपासला. मधोमध तेलकट चकाकी होती, वापरून गुळगुळीत झालेली. मग तिने चष्मा बदलला, मालकिणीकडून पासवर्ड घेतला आणि आत शिरली. नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत लिफ्टही संगणकावर चालू लागल्या होत्या, त्यामुळे या प्राण्यांची तिला भीती उरली नव्हती. मालकीण बाजूला बसून तिच्या हातांवर नजर ठेवून होती.

"हे काय?" मालकिणीने विचारलं.

"झोपेचं कलम. कागदावर लिहिलंय 'कधीच नाही'. इथे आहे 'तीस मिनिटं'. कोणी वापरत नसेल तर तीस मिनिटांनी यंत्र झोपणार."

"आणि ते?"

"गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममधली चौकट. 'वाजवत असताना संगणक जागा ठेवा.' खूण काढलेली. एक जागा बदलली असती तर चूक म्हटलं असतं. दोन्ही बदलल्यात. म्हणजे माणसाने बदलल्यात."

"तरी मी सांगत होते. मेहुणा."

प्रत्येक यंत्र आपली दुखणी कुठेतरी लिहून ठेवतं. लॅपटॉपची ती नोंदवही तिने उघडली आणि दोन ओळी वहीत उतरवल्या. रविवार, चार वाजून दहा : झोपेत जात आहे, कारण वापर नाही. त्याच्या वरची, शनिवार, अकरा वाजून बत्तीस : झोपेत जात आहे, कारण वापर नाही.

त्यांच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"माणूस दोन्ही हातांनी वाजवतोय," ती शेवटी म्हणाली, "आणि यंत्र म्हणतं मला कोणी वापरत नाही. आमच्या ऑफिसात अशी पुष्कळ माणसं होती. यंत्र पहिल्यांदाच पाहिलं."

तिने काहीही न बदलता झाकण मिटलं.

"हे कोणाला बोलायचं नाही. झोप हा शब्दसुद्धा नाही. कपाटाला कुलूप लावा."

"माझ्याच हॉलमध्ये मला हुकूम?"

"उद्या पाचपर्यंतच. मग तुमचाच हॉल आहे."

*

डीजे वादळ तिला काउंटरजवळच्या बाकावर भेटला. पस्तिशीचा, अंगात काळा शर्ट, पायाला स्वस्थता नाही.

"विचारा, आंटी."

"मी तुमची आंटी नाही. कोणाचीच नाही, मी आत्या आहे. रविवारी वाजवताना लॅपटॉपमध्ये काही वेगळं दिसलं?"

"काहीच नाही. माझ्या हातात सगळं नीटच चालतं." त्याने आत्याचं पेन उचललं आणि त्याचं बटण टकटक दाबायला सुरुवात केली. "खिळ्याला यंत्राशी बोलता येत नाही. नुसता उभा. मी कसा, सतत संपर्कात असतो."

"पुढच्या महिन्यापासून हॉलला एकच डीजे ठेवायचाय म्हणे."

"हो. ते ठरल्यातच जमा होतं." टकटक. "आता तर काय."

"म्हणजे खिळा पडला तर फायदा तुमचा."

पेन थांबलं. मग परत सुरू झालं.

"मला फायदा होता म्हणून मी केलं, असं? अहो, दीड तास मीच वाजवलं त्याच्यावर. बिघडवला असता तर आधी मी नसतो का आपटलो?"

"ते बरोबर आहे," आत्या म्हणाली. "पेन द्या."

मेहुणा मचाणाखाली वायरींच्या गुंत्यात होता. तो बाहेर आला नाही. आत्या वाकून त्याच्या चपलांशी बोलली.

"सुट्टीत दहा मिनिटं वर काय करत होतात?"

"वायरी तपासत होतो. लॅपटॉपला हात लावला नाही."

"कोणी पाहिलं?"

"समोर मालकीण होती. तिला विचारा, मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो की तोंड करून."

"चिडू नका जावईबापू, मी अजून तुमच्या बाजूला गेलेले नाही. खिळा तुमच्याशी का बोलत नाही?"

गुंत्यातून एक उसासा आला.

"चार महिन्यांपूर्वी जेवताना विचारलंन, दोघांत बरा कोण. मी म्हणालो, वादळ. खिळा वाजवतो तेव्हा इस्त्री केल्यासारखं वाटतं. एक सुरकुती नाही. पण माणसं फिरतात ती वादळच्या वेळी. खरं तेच बोललो."

"जेवताना?"

"वाढून झालं होतं."

"आणि मचाणावर दोघं एकत्र कधीच नसता?"

"मी असलो तर तो पायरी चढत नाही. रविवारीही मी उतरेपर्यंत खाली ताटकळला. चढल्यावर नेहमीसारखंच. एकदा गाण्यांची यादी लावतो, मग लॅपटॉपला हात नाही. दोन्ही हात तबकड्यांवर, नजर समोर. लॅपटॉप चाचपत बसणाऱ्या डीजेला तो कारकून म्हणतो. वादळच्या तोंडावर म्हणतो."

आत्या सरळ झाली. पाठीतून आवाज आला. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

खिळा तिला बाहेर जिन्यात भेटला. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेला कागद. लहानपणी तो तिच्याबरोबर लिफ्टच्या यंत्रखोलीत येई आणि न सांगता हत्यारं मापाप्रमाणे लावून ठेवी. त्याने लिफ्टच्या धंद्यात यावं असं तिला वाटे. तो गाणी वाजवायला गेला, तेव्हापासून दोघं एकमेकांना वर्षातून दोनदा भेटत आणि दोन्ही वेळा पश्चात्ताप करत.

"तू कशाला आलीस?"

"तुझ्या बहिणीने बोलावलं."

"तिला नवऱ्याला वाचवायचंय. तुला त्यातलं काय कळतं, आत्या? ही लिफ्ट नाही."

"दोन्हींत माणसं अडकतात. लॅपटॉप तयार कोणी केला?"

"मी. नेहमीप्रमाणे. अकरा कलमं."

"अकरावं कलम केलंस?"

"शनिवारी सकाळी अकरा ते एक. सलग दोन तास, घरी. एकदाही अडखळला नाही. खूण आहे बघ."

"बघितली. मग रविवारी काय झालं असेल?"

"मला काय माहीत? लॅपटॉप मालकिणीने काढून घेतला, मला बघूही दिला नाही. त्या दहा मिनिटांत त्याने आत काय केलं ते त्यालाच विचार." त्याने हातातला कागद उघडून दाखवला. "हे बघ. तक्रार."

आत्याने वाचली. 'सदर इसमाने मत्सरापोटी, पूर्ण माहितीनिशी व सहकाऱ्याची नाचक्की व्हावी या एकमेव हेतूने हॉलच्या लॅपटॉपमध्ये जाणूनबुजून बिघाड केला. त्यामुळे निरपराध लोकांना इजा झाली.' वर मेहुण्याचं पूर्ण नाव, पत्ता, आणि नातं.

"मजकूर चांगला आहे," ती म्हणाली.

"खरा आहे."

"तेच म्हणाले."

*

मंगळवारी दुपारी तीनला मालकिणीने सगळ्यांना बोलावलं. भाची आली आणि नवऱ्यापासून एक खुर्ची सोडून बसली, कारण तो सकाळी तिला म्हणाला होता की तुझ्या माणसांत मला पुन्हा नेऊ नकोस. वादळ खुर्चीवर बसून खुर्ची हलवत होता. खिळा उभा.

मालकिणीने कुलूप काढून लॅपटॉप आणला. मेहुण्याने वायरी जोडल्या आणि खाली उतरला. मग खिळा पायरीपासून बाजूला झाला. भिंतीवर गाण्यांची यादी उमटली.

"रविवारी होता तसाच आहे," आत्या म्हणाली. "मी यात काहीही बदललेलं नाही. दोघांनी पस्तीस पस्तीस मिनिटं वाजवायचं. मालकीण तिचं ती सांगेल."

"ज्याच्या हातात आज बंद पडेल," मालकीण म्हणाली, "त्याने पुढच्या महिन्यापासून येऊ नये. मला कारणं ऐकायची नाहीत. मला गाणं ऐकायचंय."

"हा न्याय झाला का?" भाची म्हणाली. "गुन्हेगार शोधायचा सोडून स्पर्धा?"

"गप्प बस," आत्या म्हणाली. "तुझंच काम चाललंय."

वादळ चढला. रिकाम्या फरशीवर गाणं आदळलं. वादळचा एक हात तबकडीवर आणि दुसरा कधी यादीवर, कधी टचपॅडवर, कधी नुसताच. भिंतीवर बाहीएवढा पांढरा बाण सारखा इकडून तिकडे पळत होता, काही कारण नसताना. आत्या वहीत उभ्या रेघा मारत होती. पस्तीस मिनिटं झाली. काही बंद पडलं नाही.

मग खिळा. त्याने यादी लावली. भिंतीवरचा बाण एका कोपऱ्यात जाऊन थांबला, आणि थोड्या वेळाने दिसेनासा झाला. खिळ्याचे दोन्ही हात कंट्रोलरवर. नजर समोर. गाण्यातून गाणं असं निघत होतं की सांधा सापडू नये. आत्याला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण नीट बसवलेली गोष्ट तिला ओळखता येई. हा मुलगा आपल्या कामात खरोखर चांगला होता. तिला त्याचाच राग आला.

दहा मिनिटं. वीस. तिने घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

सव्वीस. खिळ्याची नजर समोरून हलली. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

सत्तावीस. खिळ्याने खिशातून रुमाल काढला.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला, समोर बघतच, त्याने लॅपटॉपवरची धूळ पुसल्यासारखा रुमाल फिरवला. हलक्या हाताने, एकदाच.

त्याच्यामागे वीस फुटी भिंतीवर बाहीएवढा पांढरा बाण जागा झाला, यादीवरून आडवा सरकला आणि मधोमध थांबला.

"पुरे," आत्या म्हणाली. "बंद कर."

*

"बंद का?" खिळा म्हणाला. "अजून सात मिनिटं आहेत. पडला नाही ना बंद?"

"नाही. तू पडू दिला नाहीस. खाली ये."

तो आला नाही. म्हणून तिने मान वर करून सांगायला सुरुवात केली.

"वादळने पस्तीस मिनिटांत लॅपटॉपला चौऱ्याहत्तर वेळा हात लावला. मी मोजलेत. तू एकदा. कधी? अठ्ठाविसाव्या मिनिटाला. आता सगळ्यांनी ऐका. रविवारी हे यंत्र बिघडलं नव्हतं, झोपलं होतं. कोणीतरी त्याला सांगून ठेवलं होतं, की तीस मिनिटं तुला कोणी वापरलं नाही तर झोप. जागं ठेवणारी दुसरी चौकट होती, तीही काढून ठेवली होती."

"पण हा तर वाजवत होता," भाची म्हणाली.

"कंट्रोलरवर. लॅपटॉपच्या लेखी ते वापरणं नव्हे. त्याच्या स्वतःच्या बटणांना किंवा टचपॅडला हात लागला तरच माणूस आहे, नाहीतर खोली रिकामी. तीन चाळीसला खिळ्याने यादी लावली. चार दहाला यंत्र झोपलं. बरोबर तीस."

"म्हणजे सुट्टीत मेहुण्याने..." मालकिणीने सुरुवात केली.

"सुट्टीत तुम्ही कुठे बघत होता? भिंतीकडे. लॅपटॉपमधलं सगळं भिंतीवर दिसतं. झोपेचं कलम बदलायला आत जावं लागतं, खिडक्या उघडाव्या लागतात. वीस फुटी. तुम्हाला दिसली यादी. म्हणजे सुट्टीत कोणी काही बदललं नाही. वादळच्या वेळीही नाही, तेव्हा शंभर माणसं भिंतीकडे बघत होती. बारा ते दोन तो तुमच्या टेबलावर होता. मग उरलं काय? बाराच्या आधी. खिळ्याचं घर."

"पण मग माझा दीड तास कसा गेला?" वादळने विचारलं.

"तोच तर प्रश्न होता. तुमचा दीड तास नीट गेला म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की बिघाड नंतरचा. बिघाड तुमच्या आधीपासून होता. तुम्ही त्याला तीस मिनिटं काय, तीस सेकंद शांत बसू दिलं नाही."

वादळचा चेहरा उजळला.

"म्हणजे मी चांगला डीजे आहे म्हणून..."

"नाही. तुम्ही अस्वस्थ आहात म्हणून."

मचाणावर खिळा ठोकल्यासारखा उभा होता.

"सापळा वादळसाठी होता," आत्या म्हणाली. आता ती फक्त त्याच्याशी बोलत होती. "एकच डीजे राहणार, आणि घरातल्याच माणसाने तोंडावर सांगितलं होतं, की तू नाहीस. तू नीटनेटका माणूस. आधी तपासून पाहिलंस. शनिवारी अकरा दोनला यादी लावलीस आणि वाजवत राहिलास, नेहमीसारखा, हात न लावता. अकरा बत्तीसला यंत्र झोपलं. यंत्राने लिहून ठेवलंय. मला तू सांगितलंस, अकरा ते एक, एकदाही अडखळला नाही. तपासणी उत्तम होती, बाळा. फक्त तू ती स्वतःवर केलीस. ज्याच्यासाठी सापळा, तो तुझ्यासारखा वाजवत नाही, हे तू विसरलास. आणि ते तू रोज त्याला तोंडावर ऐकवतोस."

"तू अंदाज करतेस."

"शनिवारची ओळ यंत्राची आहे. आणि आजचा बाण सगळ्यांनी पाहिला. तीस मिनिटांचं इथे दोघींनाच माहीत होतं. मला आणि मालकिणीला. कपाट बंद होतं. मग अठ्ठाविसाव्या मिनिटाला, आयुष्यात पहिल्यांदा, तुला धूळ कशी दिसली?"

खिळ्याने रुमालाची घडी घातली. कडा जुळल्या नाहीत तेव्हा उघडून पुन्हा घातली.

"वादळच्या वेळी थांबायला हवा होता," तो म्हणाला. "दीड तास मी खाली उभा राहून वाट बघितली. थांबला नाही. मला वाटलं, याला दिसलं आणि याने नीट करून टाकलं. कारकून असला तरी तेवढं करेल."

"खात्री करायची होती."

"कशी करणार? सुट्टीभर हा वर बसला होता." त्याने मेहुण्याकडे बघितलं नाही, नुसती मान तिकडे वळवली. "आणि तो उतरला तेव्हा सुट्टी संपली, लोक परत आले, मागे भिंत. सगळ्यांना दिसलं असतं."

"म्हणजे मी पाच मिनिटं आधी उतरलो असतो," मेहुणा म्हणाला, "तर काही झालंच नसतं."

"किंवा मी पायरी चढलो असतो," खिळा म्हणाला. चार महिन्यांत दोघांतलं ते पहिलं संभाषण.

भाची उठली. ती मचाणापाशी गेली, भावाकडे बघत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, "स्वतः पडलास, ते समजलं. पण मग ह्यांचं नाव का घेतलंस?"

"दहा मिनिटं तोच होता तिथे."

"तेवढंच?"

"आणि ते इस्त्रीचं," खिळा म्हणाला.

मालकीण तोवर काउंटरवर जाऊन आली होती. तिच्या हातात बुटांच्या जोड्यांचं रजिस्टर होतं, कशासाठी ते तिलाही ठाऊक नसावं.

"वादळ राहील," ती म्हणाली. "मेहुणाही राहील. मला बूट मोजायचेत." मेहुण्यासमोर ती थोडी थांबली. माफी मागेल असं वाटलं. "त्या तिसऱ्या दिव्याची वायर बघा," असं म्हणून ती निघून गेली. मेहुणा बघायला गेला.

खिळा मचाणावरून उतरला. पाच पायऱ्या, एकेक. आत्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि लहानपणी बसे तसे हात गुडघ्यांवर ठेवले.

"चल," तो म्हणाला. "घरी जाऊन बोलू."

"तो डेंटिस्ट तासाभरात येतोय. त्याला कोणाविरुद्ध बोलायचं ते माहीत नाही. त्याला कागद हवाय. तो कागद काढ."

त्याने खिशातून तक्रार काढली. आत्याने ती मांडीवर वहीवर सपाट केली. 'मत्सरापोटी, पूर्ण माहितीनिशी.' तिने वादळच्या हातातून आपलं पेन ओढून घेतलं आणि भाच्यासमोर धरलं.

"वरचं नाव तेवढं बदल," ती म्हणाली. "बाकी मजकूर तसाच चालेल."